एकेचाळिसावी कात

त्या सोमवारी एक आकडा दाबून ठेवल्याने मला काय काय मिळणार होतं ते आधी मांडतो, म्हणजे पुढे कोणी गैरसमजाने माझ्याविषयी चांगलं बोलायला नको. सर्पघराच्या प्रमुखाची जागा. तिच्याबरोबर बाहेरच्या दाराची किल्ली, जी तोवर पहारेकऱ्याकडे मागावी लागायची. खिडकीलगतचं टेबल, ज्यावर दुपारी ऊन येऊन कागद पिवळे पडायचे, म्हणजे तेही फार सुखाचं नव्हतं. आणि पहिलवानाने, म्हणजे माझ्या काटकुळ्या जोडीदाराने, मला 'साहेब' म्हणणं. तो ते दातओठ खात म्हणणार होता, पण म्हणणार होता. बस्स, एवढंच. एकोणीस वर्षं विषारी जनावरांत काढलेल्या माणसाने एवढ्यासाठी असं काही करावं, हे दुसऱ्या कोणाविषयी ऐकलं असतं तर मी हसलो असतो.

आमचं काम विष काढण्याचं. साप पाळायचे, आणि ठरल्या दिवशी एकेकाचं डोकं धरून त्याचे दात काचेच्या पेल्यावर ताणलेल्या रबरी पडद्यात रुतवायचे. तळाशी पिवळे थेंब जमतात. ते सुकवून औषधाच्या विभागात जातात आणि तिथे सर्पदंशावरची लस तयार होते. आमच्याकडे जास्त करून घोणशीच. घोणस दिसायला आळशी. अंग जाड, पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या तीन साखळ्या, डोकं त्रिकोणी. नवखा माणूस अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातो. जवळ गेलं की ती पळत नाही. अंग फुगवते आणि कुकरची वाफ सुटावी तसा फुसफुसाट करते, बराच वेळ करते, समोरच्याला विचार करायला भरपूर मुदत देते. एवढं करूनही तो हलला नाही, तर इतक्या झटक्याने डसते की निम्मं अंग जमिनीवरून उठतं. आणि ती अंडी घालत नाही. अंडी पोटातच वाढतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. वीस, तीस, कधी साठसुद्धा. वीतभर पिल्लू पहिल्या तासापासून पुरतं विषारी असतं. त्याला काही शिकवावं लागत नाही.

आता माझी हुशारी. साप नर की मादी ते ओळखायचं असेल तर शेपटी बघतात. नराची लांब, मादीची आखूड. इतर लोक मोजपट्टी लावतात, सळई घालून तपासतात. मी नुसतं बोट फिरवून सांगायचो. त्यावरूनच मला 'उस्ताद' म्हणत, आणि मी ते थट्टेत धरत नसे. सोळा नंबरच्या पेटीतल्या घोणशीवर दोन वर्षांपूर्वी मी असंच बोट फिरवलं आणि कार्डावर 'नर' लिहिलं. पुढे त्या नराचं नाव मीच 'जावई' ठेवलं, कारण तो आयतं खायचा, दिवसभर लोळायचा आणि काही विचारायला जावं तर फुसफुसायचा. सात महिन्यांपूर्वी पेट्यांना रंग काढला तेव्हा जागा कमी पडली, म्हणून जावयाला बारा दिवस अकरा नंबरच्या नराबरोबर एका पेटीत ठेवलं. दोन पुरुष माणसं, राहतील, म्हटलं. पुढे जावई फुगला, खाणं सोडलं, दिव्याच्या उबेला पडून राहायला लागला. पहिलवान म्हणाला, "उस्ताद, लक्षण वेगळं दिसतंय हो." मी म्हणालो, "सासुरवाडी मानवलीय त्याला."

रविवारी सर्पघर बंद असतं. सोमवारी सकाळी मी डबा ठेवून हात धूत होतो, तेवढ्यात अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. झाडलोटीचं काम त्यांना मीच लावून दिलं होतं. घरी त्या शर्टांना काजं करत, पण त्यावर भागत नव्हतं. या बाईला वस्तू मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे चिमटे, वाटेतले दिव्याचे खांब, दिसलं की मोजलं. माझ्या बायकोला लहानपणी मोजायला त्यांनीच शिकवलं होतं, तिच्याच बोटांवर.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचे जावई बाळंत झाले."

मी हसलो. मग सोळा नंबरची काच बघितली आणि हसू तोंडावरच राहिलं. पेटीचा तळ हलत होता. एकमेकांत गुंतलेल्या, बोटाएवढ्या जाड साखळ्या, आणि मधे जावई, पोट आत गेलेला, थकून पडलेला. माझं कार्ड पेटीवर तसंच चिकटलेलं: नर.

बातमी थांबत नाही. औषधाच्या विभागातल्या बायका दारापर्यंत येऊन गेल्या. एकीने विचारलं, "उस्ताद, बाप कोण म्हणायचा? अकरा नंबरचे दुसरे जावई का?" दुसरी म्हणाली, "आमच्या सूनबाईंची शेपटी बघून सांगा बरं मुलगा की मुलगी." मी सगळ्यांबरोबर हसत होतो, आणि आतून भाजत होतो. कारण अकरा वाजता मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संस्थेच्या संचालक, सर्पघर बघायला येणार होत्या. जुने प्रमुख निवृत्त होऊन महिना झाला होता आणि त्या जागी मी की पहिलवान, ते त्या भेटीनंतर ठरणार होतं.

पहिलवान नेमका दाढेसाठी दंतवैद्याकडे गेला होता. तो दुपारी येणार होता.

आमच्याकडचा नियम असा: पिल्लं झाली की दोघांनी मोजायची, आकडा वहीत लिहायचा आणि दोघांनी सही करायची. एक जरी कमी भरलं तरी दार लावून घ्यायचं, कोणी आत-बाहेर करायचं नाही, मोठ्या बाईंना कळवायचं आणि सापडेपर्यंत प्रत्येक पेटी, प्रत्येक फडकं झाडायचं. नियम चांगला आहे. मीच नवख्या लोकांना तो पाठ करायला लावतो.

मी टोक वाकवलेल्या काठीने एकेक पिल्लू उचलून बारीक जाळीच्या पेट्यांत टाकलं. चाळीस. परत मोजली. चाळीस. झाकणं लावली, घाम पुसला. मागे अक्का सोळा नंबरचा तळाचा कागद गुंडाळायच्या ऐवजी टेबलावर पसरून बसल्या होत्या. घोणशीचं पिल्लू जन्मल्यावर लगेचच पहिली कात टाकतं, त्यामुळे त्या कागदावर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ काती नुसत्या विखुरल्या होत्या. अक्का त्या चिमटीने उचलून ओळीने लावत होत्या.

"भाऊजी, तुमची किती झाली?"

"चाळीस."

"माझ्या एकेचाळीस होतायत."

"फाटली असेल एखादी. एकीच्या दोन झाल्या असतील."

"मी डोकी मोजली," त्या म्हणाल्या. "शेपटाकडून फाटल्यात पुष्कळ. पण डोकी एकेचाळीस."

कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. सापाला पापणी नसते. डोळ्यावर काचेसारखं झाकण असतं आणि ते कातीबरोबरच निघतं. म्हणजे डोक्याकडच्या तुकड्यावर दोन बारीक भिंगं असतात, आणि ती फाटून चार होत नाहीत. हे मला माहीत होतं. अक्कांना कोणी सांगितलेलं नसताना त्या तेच मोजत होत्या. मी भिंग घेऊन टेबलाशी गेलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. गेलो असतो तर दिसलं असतं.

मी काय केलं, तर सोळा नंबरच्या बाजूच्या हवेच्या भोकांकडे बघितलं. मोठ्या सापासाठी पाडलेली भोकं; करंगळी जाईल एवढी. गाभण मादीला अशा पेटीत ठेवत नाहीत, बारीक जाळीच्या पेटीत हलवतात. पण ती मादी आहे हे माहीत असेल तर.

"अक्का, भाऊ भावाला गिळतो कधी कधी यांच्यात," मी म्हणालो. हे खोटं नाही, क्वचित होतं. पण गिळलेल्याचं पोट दिसतं, आणि त्या चाळिसातलं एकही फुगलेलं नव्हतं.

"मग पोट दिसेल की त्याचं," अक्का म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांची थट्टा केली. ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. दाराशी औषधाच्या विभागातल्या दोघी होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "आमच्या अक्का वाऱ्यावर वाळत घातलेली कापडंसुद्धा दोनदा मोजतात. साप मोजणं म्हणजे बटणं मोजणं नाही हो." त्या दोघी हसल्या. अक्काही थोड्या हसल्या, त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला, आणि त्यांनी तो कागद काठावरून उचलून कातींसकट गुंडाळायला घेतला.

मी वहीत 'चाळीस' लिहिलं, सही केली, आणि पहिलवानाच्या जागी वही अक्कांपुढे सरकवली. "तुम्ही हजर होतात ना. इथे करा."

"एकेचाळिसाचं काय करू?"

"काही करू नका. मी बघतो."

त्या पेन हातात घेऊन क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सही केली. कामाला लावून देणाऱ्या माणसाने, त्यातून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, वही पुढे केली तर किती जणी नाही म्हणतील, हे मीही मनात मोजलं होतंच.

अकराला मोठ्या बाई आल्या. जावयाचं ऐकून त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. मी म्हणालो, "बाई, चूक माझी. पण चूक चाळीस पिल्लांनी फेडली." त्यांना ते आवडलं. मोकळेपणाने चूक कबूल करणारी माणसं हल्ली कुठे मिळतात, असंही त्या म्हणाल्या. गुरुवारी माझ्या नावाचा कागद निघाला.

आता खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. लोकांना वाटतं माणूस स्वतःला फसवतो आणि मग निवांत राहतो. मी एक दिवसही फसलो नव्हतो. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे खायला गेले की मी बॅटरी घेऊन पेट्यांच्या मागे शिरायचो. घोणशीच्या पिल्लाला अडचणीची, उबेची जागा लागते. खायला नाही मिळालं तरी ते कित्येक आठवडे तग धरतं. मी नळांच्या मागे बघितलं, दिव्यांच्या वायरी सोडवल्या, कपाट पुढे ओढलं. रविवार सोडून आठ दिवस बघितलं. आणि हे सगळं कोपरापर्यंतचे जाड कातडी हातमोजे घालून, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घालून.

एकदा पहिलवान मधेच आला. "साहेब, काही हरवलं का?"

"पेनाचं टोपण."

"टोपणाला हातमोजे?"

मी बॅटरी विझवली. तो माझ्या हातमोज्यांकडे बघत पाणी प्याला आणि गेला.

आणि त्याच फरशीवर रोज सकाळी अक्का उघड्या हातांनी फडकं पिळत होत्या. मला त्या दिसत होत्या. एकदा मी म्हणालो, "अक्का, हातमोजे घालत जा." त्या म्हणाल्या, "तुमचे घालू? माझी दोन्ही मनगटं मावतील एकेकात. लहान मागवून द्या." मी मागवतो म्हणालो. नव्या प्रमुखाने पहिल्याच आठवड्यात झाडणाऱ्या बाईसाठी हातमोजे मागवले, तर का, असं कोणी विचारेल, म्हणून आठवडाभर थांबू असं ठरवलं. इतकं बारीक मी तोलत होतो.

दहाव्या दिवशी, बुधवारी, साडेनऊच्या सुमाराला अक्का माझ्या टेबलाशी आल्या. उजव्या हाताची तर्जनी डाव्या हातात धरली होती. आवाज नेहमीचाच. "भाऊजी, मला काहीतरी टोचलं. फडक्यात."

उबेच्या दिव्याखाली बादलीच्या काठावर वाळत टाकलेलं फडकं मी काठीने उचललं. घडीत ते बसलं होतं. वीतभर, पाठीवर तीन साखळ्या, अंग फुगवून एवढ्याशा जिवाचा केवढा फुसफुसाट चालला होता. त्यानेही आधी इशारा दिला असणार. पण पंखा चालू होता, आणि अक्कांना ज्याने सांगायला हवं होतं त्याने सांगितलं नव्हतं.

"एकेचाळीस," अक्का म्हणाल्या. एवढंच. मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

इस्पितळात घोणशीचा दंश तपासायची एक जुनी पद्धत आहे. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतात, ती नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. घोणशीचं विष रक्ताला गोठूच देत नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी त्या नळीसमोर उभा राहिलो. वीस मिनिटं किती मोठी असतात ते तेव्हा कळलं. नळी तिरपी केली तेव्हा रक्त लाल पाण्यासारखं या काठावरून त्या काठाला गेलं.

लस सुरू झाली. बाटलीवर आमच्याच संस्थेचं चिन्ह होतं. हात खांद्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त आलं, मूत्रपिंडं थकली, चार वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागलं. जीव वाचला. तर्जनी आधी निळी आणि मग काळी पडली. आठव्या दिवशी ती मुळापासून काढली, आणि शेजारचं मधलं बोट निम्मं.

माझी बायको सगळे दिवस तिथेच बाकावर होती. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "ते आलं कुठून? तुमच्या सगळ्या पेट्या तर बंद असतात."

"चौकशी होईल," मी म्हणालो.

"तुम्ही प्रमुख आहात ना? तुम्हाला ठाऊक नाही?"

"चौकशी होईल म्हणतोय ना." मी तिच्यावर खेकसलो. तिला वाटलं काळजीने खेकसतोय. ती माझ्यासाठी चहा घेऊन आली.

चौकशी अक्कांच्या खाटेशीच झाली. मोठ्या बाई खुर्चीवर, कागद घेऊन त्यांचा लेखनिक, खाटेच्या पायाशी मी. माझी बायको दाराशी. मोठ्या बाईंनी वही उघडून दाखवली. "आकडा चाळीस आहे. खाली तुमची सही आहे. मोजताना काही कमी-जास्त वाटलं होतं का?"

मी बोलायच्या तयारीत होतो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. वाक्यही जुळवलं होतं: बाई, आकडा माझा आहे. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पाणी मागितलं. परिचारिकेने भांडं तोंडाला लावलं, त्या हळूहळू प्यायल्या, अर्धं भांडं झाल्यावर थांबल्या, परत प्यायल्या. मी खाटेची लोखंडी पट्टी धरून उभा होतो. पट्टीचा रंग एके ठिकाणी उडाला होता, तिथे मी नख लावत होतो.

"नाही," अक्का म्हणाल्या. "चाळीसच होती. कागद बदलताना जाळीच्या पेटीचं झाकण माझ्याकडून नीट लागलं नसेल. एखादं सुटलं असेल."

"पण मग पेट्यांत एकोणचाळीस उरली असती," लेखनिक म्हणाला. हुशार माणूस. "तिथे तर आजही चाळीस आहेत."

अक्का गप्प झाल्या. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. आणि तेव्हा मी तोंड उघडलं. एवढ्या सगळ्यात मी बोललो ते हे एकच वाक्य: "कातींच्या कागदातही पिल्लू गुंडाळलं गेलेलं असू शकतं. कागद झाडायचा असतो आधी."

कागद अक्कांनीच गुंडाळला होता. मोठ्या बाईंनी मान हलवली. लेखनिकाने लिहून घेतलं. दाराशी माझ्या बायकोने कपाळाला हात लावला आणि तिच्या तोंडून निघालं, "अक्का, काय गं हे."

त्यानंतर पहिलवानाने मला जिन्यात गाठलं. "टोपण सापडलं म्हणे, साहेब," तो म्हणाला. पुढे त्याने कोणाकडे काही काढलं नाही. तेव्हापासून तो मला अगदी गोड आवाजात साहेब म्हणतो आणि आपल्या रजा आपणच ठरवतो.

अक्का घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. एकटा. त्या खिडकीशी बसून डाव्या हाताने सुईत दोरा ओवत होत्या. सुई उशीत खोचून उभी केली होती. दोरा चुकत होता. मी पुढे झालो, तर म्हणाल्या, "राहू द्या. जमेल."

मी बसलो. "अक्का, मी उद्या मोठ्या बाईंना सगळं सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"एकेचाळीस होती ते. तुम्ही मला सांगितलं होतंत ते. पेटीची भोकं, सगळं."

"आणि मी काय सांगितलंय त्यांना?" त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. "म्हणजे तुम्ही खरे व्हाल, आणि मी बोट कापलेलं असताना खाटेवर पडून खोटं बोलणारी. झाडलोटीतनं कमी केलंय, ते ठीक आहे. त्यावर हे आणखी कशाला?"

"तुम्ही माझ्यासाठी बोललात ते."

"तुमच्यासाठी कशाला बोलेन? धाकटी दाराशी उभी होती." त्या थांबल्या. "बोलायचं तर तेव्हा बोलायचं होतं, भाऊजी."

"तुम्ही मला बोलायला वेळच दिला नाहीत."

अक्कांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "पाणी मागितलं की," त्या म्हणाल्या. "मला तहान नव्हती."

रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आता धाकटीला यातलं काही कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "तिला कौतुक आहे तुमचं. सगळ्यांना सांगत असते, आमचे हे प्रमुख झाले. राहू दे ते."

मी "बरं" म्हणालो. ते किती पटकन म्हणालो, ते मलाच ऐकू आलं. मी खरंच सांगायला गेलो होतो, की त्यांच्या तोंडून 'नको' ऐकायला, याचा निकाल त्या एका शब्दात लागला. जिना उतरताना माझे खांदे हलके झाले होते, आणि ते हलके झालेत हे लक्षात आल्यावर मी मधल्या पायरीवर थांबलो. पण परत वर गेलो नाही.

आता शेवटचं मांडतो, याची किंमत कोणी भरली ते. अक्कांनी दीड बोट भरलं. काम भरलं. उजव्या हाताने काजं करणं भरलं, आणि संस्थेकडून उपचारापलीकडे जे काही मिळायचं तेही भरलं, कारण कागदावर चूक त्यांची आहे. जन्मभर नीट मोजत आलेल्या बाईला मोजता येत नाही असं नात्यात ठरलं, तेही त्यांनीच भरलं. माझ्या बायकोने थोरली बहीण भरली, आणि तिला अजून ते माहीत नाही. कालच ती फोनवर कोणाला तरी सांगत होती की अक्काचं लक्ष पहिल्यापासून धड नसतं, नशीब ह्यांच्या नोकरीवर आलं नाही. मी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतो. भरलं ते त्या दोघी बहिणींनी. माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही, आणि मी आपण होऊन दिलं नाही.